फुसका नाही, अडकलेला: न फुटलेल्या क्लस्टर बॉम्बबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तळोजा एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघतो, राहायला कळंबोलीत. भंगार, फर्नेस, क्रेन हे माझं रोजचं, बॉम्ब नाही. पण भंगारातून काय काय येऊ शकतं यावर कामगारांचं एक ट्रेनिंग घेतो, त्यातली दहा मिनिटं न फुटलेल्या दारूगोळ्यावर असतात, आणि जून २०२५ मध्ये इराण-इस्रायलच्या बातम्या सुरू झाल्यापासून सगळे प्रश्न त्या दहा मिनिटांवरच यायला लागलेत. सोसायटीच्या ग्रुपवर, पनवेल लोकलमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत असताना. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांच्याच शब्दात ठेवलेत, फक्त नावं काढलीत.

१. क्लस्टर बॉम्ब म्हणजे नक्की काय? खूप मोठा बॉम्ब असतो का?

मोठा नाही, भरपूर. बाहेरून एकच दिसतो, विमानातून टाकलेला बॉम्ब असेल, तोफेचा गोळा असेल नाहीतर रॉकेट, पण तो नुसता डबा. हवेतच उघडतो आणि आतले छोटे बॉम्ब खाली विखुरतात. त्या छोट्यांना बॉम्बलेट म्हणतात, कागदोपत्री सबम्युनिशन. अमेरिकन १५५ मिमी तोफेच्या एका गोळ्यात ८८ असतात. विमानातून टाकायच्या सीबीयू-८७ नावाच्या बॉम्बमध्ये २०२. एमएलआरएस नावाच्या अमेरिकन रॉकेट लाँचरच्या जुन्या रॉकेटमध्ये ६४४, आणि तो लाँचर एका दमात १२ रॉकेटं सोडतो म्हणजे ७,७२८ झाले.

हे नेम धरून मारायचं हत्यार नाहीच, अख्खा परिसर झोडपायचं आहे. ठाण्यात तलावपाळीच्या एका कोपऱ्यावर रणगाडा उभा आहे म्हणून टाकलं तर बोटिंगवाले, भेळवाले, कठड्यावर गप्पा मारत बसलेले आजोबा सगळे त्याच पट्ट्यात. आणि हे झालं फक्त त्या दिवसाचं, खरी कटकट जे फुटत नाहीत त्यांची.

२. फुटला नाही म्हणजे फुसका निघाला ना? मग भीती कसली?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मला वाटतं यात अर्धा घोळ आपल्या या शब्दाने घातलाय.

लहानपणी आम्ही ठाण्यात चरईला चाळीत राहायचो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणभर लाल कागदाचा सडा असायचा, त्यात हात घालून न वाजलेल्या लवंग्या आणि सुतळी बॉम्ब शोधायचे, सोलून आतली दारू वर्तमानपत्रावर काढायची आणि काडी लावून भुस्स करायचं. फुसका म्हणजे मेलेला, त्याला कोण घाबरतं. समोरच्या खोलीतला एक पोरगा असाच एक सुतळी बॉम्ब बोटांत धरून वातीवर फुंकर मारत होता. वात बाहेरून विझलेली, आत धुमसत होती. अंगठ्याचं पेर गेलं त्याचं. अजूनही भेटला की हात पुढे करतो तेव्हा ते जाणवतं.

बॉम्बलेटचं तसंच आहे, फक्त प्रकरण अंगठ्यावर भागत नाही. त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, खाली पडताना सज्ज होतो, आपटल्यावर उडायचा असतो, आणि काहीतरी बिनसल्यामुळे मधेच थांबतो. बंदुकीचा चाप अर्धा ओढून अडकला तर ती बंदूक तुम्ही खेळायला द्याल का? मग पुढे कशाने सुटेल ते कोणीच सांगू शकत नाही. नांगराचा फाळ, कुदळ, पाय, वर पेटवलेल्या चुलीची धग, कधी नुसतं उचलून बाजूला ठेवणं. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळदा काहीच होत नाही. माणूस एक उचलतो, दुसरा उचलतो, त्याची भीती मोडते. आणि आत स्फोटकाभोवती पोलादाचं कवच किंवा छर्रे असतात, त्यामुळे ज्याने हात लावला तो एकटा जात नाही, बाजूला बघत उभे असलेलेही जातात.

म्हणून माझ्या ट्रेनिंगमध्ये फुसका म्हणायला बंदी आहे. अडकलेला म्हणायचं.

३. पण इतके अडकतात कसे? बनवणाऱ्यांना नीट बनवता येत नाही का?

बनवताना ते कडक, सपाट जमीन धरून बनवतात आणि चाचणीही तशाच जमिनीवर घेतात. खरी जमीन तशी नसते. जुलैत पनवेलच्या पुढे लावणीचं शेत बघा, गुडघाभर चिखल, त्यात मुठीएवढी वस्तू पडली तर रुतून बसेल, आपटणार कुठे? झाडाच्या फांदीत अडकते, गवतावर पडते, बर्फात पडते, कमी उंचीवरून सोडली तर फ्यूज पूर्ण सज्ज व्हायला वेळच मिळत नाही. काही प्रकारांना सरळ पडावं म्हणून मागे कापडाची फीत असते, ती फीतच फांदीला गुंतते आणि बॉम्बलेट लोंबत राहतो. त्यात गोदामात वीस-तीस वर्षं पडून असलेला माल.

आकड्यांचं म्हणाल तर कंपनीचे आकडे आणि शेतातले आकडे कधी जुळले नाहीत. एम-८५ नावाचा इस्रायली बॉम्बलेट आपोआप नष्ट होण्याच्या सोयीसकट यायचा, १ टक्काच अडकतो असं सांगितलं जायचं. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये साफसफाई करणाऱ्यांनी जमिनीवर मोजले तर १० टक्क्यांच्या आसपास निघाले. नवीन बॉम्ब २ टक्केच अडकतात या दाव्याबद्दल वेगळा प्रश्न आहे, १३ नंबर बघा.

४. किती वर्षं धोका राहतो? एक्स्पायरी असेल ना काहीतरी?

नाही. दुधाच्या पिशवीवर असते, याच्यावर नाही.

लाओसचं उदाहरण घ्या. १९६४ ते १९७३ अमेरिकेने तिथे ५ लाख ८० हजार फेऱ्या मारून २० लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकला, त्यात क्लस्टरचे बॉम्बलेट सुमारे २७ कोटी. त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटले नाहीत असा अंदाज, म्हणजे ८ कोटी जमिनीत राहिले. गंमत अशी की लाओसशी अमेरिकेचं जाहीर युद्ध कधी नव्हतंच. १९७३ म्हणजे कधी, तर सिडको स्थापन होऊन तीन वर्षं झाली होती आणि नवी मुंबई बरीचशी नकाशावरच होती. तेव्हापासून इथे अख्खं शहर उभं राहिलं, मेट्रो आली, आणि तिकडे त्याच बॉम्बलेटवर अजून माणसं मरतायत. १९६४ पासून आजवर मेलेले आणि जखमी झालेले ५० हजारांच्या वर, त्यातले सुमारे २० हजार युद्ध थांबल्यानंतरचे.

गंजून निकामी होत नाही का, हेही विचारतात. गंजतं ते बाहेरचं कवच, स्प्रिंग, पिन. आतलं स्फोटक तसंच राहतं. म्हणजे अडकवून धरणारी गोष्ट कमजोर होते आणि उडणारी गोष्ट शाबूत राहते, आता यात धोका कमी झाला की वाढला ते तुम्हीच ठरवा.

५. भूसुरुंग आणि हे एकच का?

परिणाम तोच, जात वेगळी. भूसुरुंग वाट बघण्यासाठीच पुरलेला असतो, कोणाचा तरी पाय पडेल म्हणून, आणि निदान काही ठिकाणी पुरणाऱ्याकडे नकाशा असतो. बॉम्बलेट लगेच फुटायचा होता, तो चुकून राहिला, त्यामुळे कुठे किती राहिलेत हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. माणसासाठी पुरलेला सुरुंग बऱ्याचदा पाय तोडण्याच्या हिशोबाने बनवलेला असतो, बॉम्बलेट मारण्याच्याच हिशोबाने. कायदेही दोघांचे वेगळे, क्लस्टरच्या करारासाठी १२ बघा.

६. बातम्यांमध्ये नेहमी लहान मुलंच का असतात? मुद्दाम खेळण्यासारखे बनवतात का?

मुद्दाम मुलांसाठी बनवतात असं मी म्हणणार नाही. पण दिसायला काय आहेत ते बघा. लाओसमधला सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार टेनिस बॉलएवढा गोल, तिथे त्याला बॉम्बीच म्हणतात. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या पोरांना झुडपात असा गोळा दिसला तर काय करतील? मी तर नक्की उचलला असता. तोफेच्या गोळ्यातले असतात ते मोठ्या बॅटरीच्या सेलएवढे, मागे फीत लटकलेली. पोरांना फीत दिसली की ओढायची असते.

अफगाणिस्तानातला किस्सा तर डोकं फिरवणारा आहे. २००१ मध्ये अमेरिकेने १,२२८ क्लस्टर बॉम्ब टाकले, आत २ लाख ४८ हजार बॉम्बलेट, पिवळ्या रंगाचे, कोल्ड्रिंकच्या कॅनसारखे. आणि त्याच वेळी त्याच विमानदलाने भुकेल्या लोकांसाठी अन्नाची पाकिटं टाकली. तीही पिवळी. मग रेडिओवरून स्थानिक भाषेत सांगायला लागले की पिवळी वस्तू दिसली तर नीट बघा, चौकोनी असेल तर जेवण, गोल नळकांडं असेल तर बॉम्ब. शेवटी पाकिटांचा रंग निळा करायचं ठरलं.

दुसरं कारण पैसा. गरीब गावात लोखंड-ॲल्युमिनियम विकून शाळेच्या वह्या येतात. आपल्याकडे प्लास्टिक आणि पत्रा वेचणारी पोरं सकाळी उकिरड्यावर दिसतात ना, तेच तिकडे, फक्त उकिरडा वेगळा. मेलेल्या-जखमी झालेल्यांच्या ज्या आंतरराष्ट्रीय नोंदी होतात त्यात ९० टक्क्यांहून जास्त साधे नागरिक असतात, आणि नंतर राहिलेल्या बॉम्बलेटच्या बळींमध्ये जवळजवळ निम्मी मुलं.

७. धोका माहितीय तरी शेतकरी त्या शेतात जातातच का? सोडून द्यायचं ना.

हा प्रश्न बहुतेक ज्यांच्या घरात शेती नाही तेच विचारतात, सॉरी पण खरंय.

२००६ मध्ये इस्रायलचं लेबनॉनमधलं युद्ध १४ ऑगस्टला थांबलं. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्य प्रमुखांनी तेव्हा सांगितलं होतं की क्लस्टरचा ९० टक्के मारा शेवटच्या ७२ तासांत झाला, म्हणजे युद्धबंदी होणार हे दिसत असताना. एकूण ४० लाखांपर्यंत बॉम्बलेट पडले असावेत असा अंदाज होता. दक्षिण लेबनॉनमध्ये आपल्या भारतीय सैन्याची तुकडीसुद्धा १९९८ पासून शांतिसेनेत आहे. युद्ध थांबलं त्याच दिवशी लोक गाड्यांवर गाद्या बांधून घरी निघाले. समोर काय? तंबाखूचं पीक उभं, संत्र्या-लिंबांच्या बागांना पाणी हवं, दोन महिन्यांवर ऑलिव्हची काढणी. ऑलिव्ह काढताना फांद्या झोडपतात, आणि फांद्यांत फिती गुंतलेल्या. आता कर्ज डोक्यावर आहे, वर्षाचं पीक डोळ्यासमोर वाळतंय, साफ करणारी टीम तुमच्या शेतात कधी येईल ते कोणी सांगत नाही, तुम्ही काय कराल? काहींनी स्वतःच काठीने बॉम्बलेट बाजूला सारून तोडणी केली. मूर्ख म्हणून नाही, हिशोब करून.

८. साफ का करत नाहीत मग? आता तर ड्रोन, रोबोट, एआय सगळं आहे.

करतात, पण ते काम म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं आहे, फक्त ताट शंभर किलोमीटरचं आणि खडा फुटणारा. आधी गावकऱ्यांना विचारत फिरायचं कुठे काय दिसलं, मग जमिनीचे पट्टे आखायचे, दोरी लावायची, आणि एक माणूस डिटेक्टर घेऊन गुडघ्यावर. डिटेक्टरला बॉम्बलेट आणि खिळा यातला फरक नीट कळत नाही, प्रत्येक आवाजाला थांबून खुरपणी करत बघावं लागतं. सापडला की सहसा हलवत नाहीत, जागच्या जागी बाजूला स्फोटक लावून लांबून उडवतात, कारण अडकलेल्याला हलवायचं नसतं (२ बघा).

तयार माणसंही यात जातात. जून १९९९ मध्ये कोसोवोत ब्रिटिश फौजेच्या गुरखा तुकडीतले दोघं एका गावात बॉम्बलेट नष्ट करायच्या तयारीत असताना मेले, आणि ते त्यातले जाणकार होते.

ड्रोन उपयोगी आहे, उघड्यावरचे बॉम्बलेट वरून दिसतात, संशयित जागा लवकर ठरते. पण मातीखालचा, बांबूच्या बेटातला, पुराने दोन शेतं पलीकडे वाहून नेलेला, तो माणसालाच शोधावा लागतो. आणि पैसा. लाओसला गेलेले पहिले अमेरिकन अध्यक्ष ओबामा, सप्टेंबर २०१६ मध्ये, त्यांनी तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. चांगलंच केलं, पण बॉम्ब थांबल्याला तेव्हा ४३ वर्षं झाली होती.

९. भारतात आहेत का असे? ट्रेकला जातो आम्ही दर रविवारी.

लाओस-लेबनॉनसारखी क्लस्टरने भरलेली जमीन आपल्याकडे नाही. २०१९ मध्ये काश्मीरच्या पाकिस्तानकडच्या भागात, नीलम खोऱ्यात भारताने क्लस्टर वापरल्याचा आरोप पाकिस्तानने केला होता, भारतीय सैन्याने तो साफ नाकारला.

पण न फुटलेला दारूगोळा म्हणाल तर तो महाराष्ट्रातही आहे, सैन्याच्या सरावाच्या जागांवर. नगरजवळची के. के. रेंज, देवळालीचा तोफखान्याचा परिसर, अशा ठिकाणी पितळ-तांब्यासाठी गोळे गोळा करणारे, ते फोडायला जाणारे गावकरी जीव गमावून बसलेत. आणि हे काम परवानगीने, पद्धतशीर केलं तरी जोखमीचंच असतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्ध्याच्या पुलगावला कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन ६ जण गेले.

ट्रेकवाल्यांनो, फायरिंग रेंजची पाटी दिसली तर शॉर्टकट विसरा. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात बिबट्याचीच काळजी करा, ती पुरे आहे.

१०. आमचं तळोज्यात भंगाराचं काम आहे. कंटेनरमधून असं काही येऊ शकतं का?

माझा खरा विषय हा, म्हणून जरा लांबड लावतो.

येऊ शकतं, आलेलं आहे. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारात स्फोट होऊन १० कामगार मेले. पश्चिम आशियातून आलेल्या त्या मालात युद्धातले गोळे होते. क्लस्टरच होते असं नाही, पण मेलेल्याला त्याने काय फरक पडतो. त्यानंतर सरकारने नियम आणले, जहाजात चढण्याआधी मालाची तपासणी आणि त्यात शस्त्रं, गोळे, काडतुसं नाहीत याचं सर्टिफिकेट, सुटं भंगार ठरावीक बंदरांतूनच. न्हावाशेवाला माल उतरवणाऱ्यांना हे कागद पाठ असतात.

कागद पाहिजेतच, पण २० टनांचा कंटेनर, त्यात इंजिनाचे ब्लॉक, पाइप, चेपलेले डबे एकात एक कोंबलेले, तिकडे तपासणाऱ्याने किती खोल बघितलं असेल? शेवटचा तपासनीस म्हणजे आपला यार्डातला माणूस, हातात ग्राइंडर नाहीतर गॅस कटर. म्हणून नियम सोपा ठेवा, जे ओळखू येत नाही आणि दोन्हीकडून बंद आहे ते कापायचं नाही, दाबायचं नाही, फर्नेसमध्ये जाणार नाही. मागे पंखे असलेलं, टोकाला पितळी चकती असलेलं, अर्धवट पुसलेले आकडे किंवा रंगाचा पट्टा असलेलं, मुठीत मावणारं पण वजनाला जास्त वाटणारं... पण वजन करून बघायला उचलू नका म्हणजे झालं!

माझी फजिती पण सांगतो. एका यार्डात, नाव राहू दे, दुपारच्या चहाला क्रेनवाला खाली उतरला आणि म्हणाला साहेब ते बघा. ढिगाच्या कडेला फूटभराचं नळकांडं, एका टोकाला तीन पाती. मी काम थांबवलं, सगळे गेटबाहेर काढले, पोलिसांना फोन. बॉम्ब शोधक पथक येईपर्यंत अडीच तास साठ माणसं रस्त्यावर, पाठीमागे ट्रकांची रांग, मॅनेजरचा चेहरा तर विचारूच नका. पथकातल्या एकाने बराच वेळ निरखून बघितलं आणि शेवटी म्हणाला, पंपाचा भाग आहे. सगळे हसले. मॅनेजर नाही हसला, दुसऱ्या दिवशी मला नुकसानीचा आकडा लिहून दाखवला. मी त्याला म्हटलं पुढच्या वेळीही हेच करणार. तो क्रेनवाला आता नवीन पोरांना स्वतःच शिकवतो, माझ्यापेक्षा बरं शिकवतो.

११. समजा दिसलंच काही तर नेमकं काय करायचं? कोणाला फोन?

हात नाही लावायचा. दगड मारून बघायचा नाही, पाणी ओतायचं नाही, गोणपाट टाकायचं नाही. जिथे आहात तिथे थांबा, आजूबाजूला अजून आहेत का नजर फिरवा, आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे. पुरेसं लांब गेल्यावर ११२ लावा, फोन तिथेच उभं राहून करू नका. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पोलिसांकडे बॉम्ब शोधक आणि नाशक पथक आहे, ११२ वरून पुढचं ते बघतात. पोलीस येईपर्यंत लोकांना लांब ठेवा, विशेषतः मोबाइल काढून पुढे घुसणाऱ्यांना. फोटो पाहिजे असेल तर लांबून झूम, आणि लोकेशन नीट सांगा, "टाकीच्या मागे" म्हणजे कुठल्या टाकीच्या ते पण.

चुकीचा अलार्म निघाला तर काय होईल? काही नाही, १० मधली माझी फजिती वाचा.

१२. यावर बंदी नाही का? आणि भारताने सही केलीय का?

बंदीचा करार आहे. मे २००८ मध्ये डब्लिनला मसुदा ठरला, ३ डिसेंबर २००८ ला ऑस्लोत सह्या झाल्या, १ ऑगस्ट २०१० पासून लागू. शंभरहून जास्त देश त्यात आहेत. वापरायचे नाहीत, बनवायचे नाहीत, साठा ८ वर्षांत नष्ट करायचा, आपली जमीन १० वर्षांत साफ करायची, बळींना मदत करायची. साठ्याच्या बाबतीत करार खरंच चालला, साठा जाहीर केलेल्या सदस्य देशांपैकी शेवटच्या पेरूने डिसेंबर २०२३ मध्ये आपला साठा संपवला. जमीन साफ करायला मात्र बऱ्याच देशांना मुदतवाढ घ्यावी लागली, का ते ८ मध्ये आलंय.

भारताची सही नाही. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान, इस्रायल, युक्रेन यांचीही नाही, म्हणजे ज्यांची नावं या विषयात येतात ते बहुतेक बाहेरच. भारत एका वेगळ्या करारात आहे, युद्धानंतर उरलेल्या स्फोटकांबद्दलचा २००३ चा प्रोटोकॉल पाच. तो वापर बंद करत नाही, नंतरची जबाबदारी आणि माहिती देणं एवढंच बघतो.

आणि मार्च २०२५ मध्ये लिथुआनिया करारातून बाहेर पडला, रशिया शेजारी आहे म्हणून. त्यांची भीती खोटी नाही, पण टाकलेले बॉम्बलेट त्यांच्याच शेतात अडकणार आहेत हेही खोटं नाही.

१३. नवीन बॉम्ब तर फक्त २ टक्के अडकतात म्हणे. मग एवढी ओरड का?

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर दिले तेव्हा २.३५ टक्क्यांहून कमी असं सांगितलं. मान्य करू घटकाभर. एका गोळ्यात ८८, तर हजार गोळ्यांत ८८ हजार, त्याचे २.३५ टक्के म्हणजे दोन हजारांवर. हजार गोळे तोफखाना किती पटकन संपवतो ते युक्रेनच्या बातम्यांत दिसतंच. आणि याच जातीच्या जुन्या गोळ्यांचा अमेरिकन सैन्याचा स्वतःचा आकडा १४ टक्के आहे, तो धरला तर बारा हजारांच्या पुढे. चाचणीतला आकडा आणि चिखलातला आकडा, ३ मध्ये बोललोच.

एक खाचखळगा पण आहे. करारानुसार सगळेच "आत छोटे बॉम्ब असलेले" बॉम्ब क्लस्टर ठरत नाहीत. आत दहापेक्षा कमी असतील, प्रत्येक ४ किलोहून जड असेल, एकच लक्ष्य शोधून मारणारा असेल, आणि आपोआप नष्ट होणं व निकामी होणं या दोन्ही इलेक्ट्रॉनिक सोयी असतील, तर तो बंदीबाहेर. या सगळ्या अटी एकदम पाहिजेत, एखादी नाही. नुसती सेल्फ-डिस्ट्रक्टची चिठ्ठी लावून चालत नाही.

१४. इराणच्या त्या क्षेपणास्त्रात क्लस्टर होता म्हणे. म्हणजे शहरावर पडलं तर काय?

१९ जून २०२५ ला इराणने इस्रायलवर डागलेल्या क्षेपणास्त्राचं म्हणताय. इस्रायली सैन्याच्या म्हणण्याप्रमाणे क्षेपणास्त्राचं टोक सुमारे ७ किलोमीटर उंचीवर उघडलं आणि २० च्या आसपास छोटे बॉम्ब ८ किलोमीटर त्रिज्येत पसरले. ठाणे स्टेशन मधोमध धरलं तर भांडुप, ऐरोली, मुंब्रा सगळं त्या वर्तुळात येतं. आकडा लहान वाटतो, पण न फुटलेला एक कुठल्या गच्चीवर, कुठल्या पोडियम गार्डनमध्ये, कुठल्या नाल्यात आहे हे शोधायला अख्खं वर्तुळ पालथं घालावं लागतं. तिथल्या लोकांना तेव्हा हेच सांगितलं गेलं, काही दिसलं तर हात लावू नका, कळवा.

१५. मुलगा युक्रेनला मेडिकलला आहे, पश्चिमेकडच्या शहरात. दादा, तो सेफ आहे ना?

ताई, पश्चिमेकडे जमिनीवरच्या लढाईची आघाडी नाही, त्यामुळे अडकलेल्या दारूगोळ्याचा धोका पूर्वेपेक्षा खूप कमी. पूर्वेत काय झालं ते ८ एप्रिल २०२२ चं क्रामातोर्स्क स्टेशन आठवा, गाडीची वाट बघणाऱ्या गर्दीवर क्लस्टर असलेलं क्षेपणास्त्र पडलं, पन्नासहून जास्त माणसं गेली. मुलाला एवढंच सांगा की मित्रांबरोबर पूर्वेकडे "बघून येऊ" म्हणून जायचं नाही, डांबरी रस्ता सोडून शेतात-जंगलात उतरायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. लाल पाटी आणि कवटी दिसली की मागे. जमिनीवरची अनोळखी वस्तू उचलायची नाही, तिथला इमर्जन्सी नंबर १०१. आणि रोज फोन केला नाही म्हणून रागावू नका, फोन बंद असतात बऱ्याचदा.

१६. व्हिएतनाम-लाओस टूर बुक केलीय, आई-बाबा पण आहेत. कॅन्सल करू का?

अजिबात नको. नेहमीची पर्यटनाची ठिकाणं, रस्ते, हॉटेलं यांना काही होत नाही. काळजी फक्त आडवाटेची. लाओसमध्ये फोन्सावनजवळ दगडी रांजणांचं पठार आहे, २०१९ पासून जागतिक वारसा. तिथे जमिनीत छोटे ठोकळे बसवलेत, एका बाजूला पांढरे एका बाजूला लाल. पांढऱ्या बाजूने चालायचं, ती साफ केलेली, लाल बाजूला फोटोसाठीसुद्धा पाय नाही. बाबांना आधीच सांगून ठेवा, आपल्या मंडळींना दोरी दिसली की ती ओलांडायचीच असते.

गावात घरांचे खांब म्हणून उभे केलेले, कांद्याची पात लावलेले लांब लोखंडी पन्हाळे दिसतील. ते क्लस्टरचे रिकामे डबे. लाओसची राजधानी व्हिएंटियानला कोप नावाचं केंद्र आहे, कृत्रिम हात-पाय बनवून देतात, तिथे तास काढाच. छताला टांगलेले जुने पाय आहेत, लोकांनी स्वतःच बांबू, लाकूड, मिळेल त्या पत्र्याचे केलेले.

१७. तिथे बॉम्बच्या धातूचे चमचे मिळतात म्हणे. आणले तर चालतील का? एअरपोर्टवर पकडतील का?

मिळतात. त्याच फोन्सावन भागात बान नापिया गावात घरामागे भट्टी लावून युद्धाच्या ॲल्युमिनियमचे चमचे ओततात. चमचा म्हणजे चमचा, तो कोणी अडवत नाही. रिकामी काडतुसं, गोळ्याचे तुकडे, "खरा बॉम्बी" म्हणून कोणी शोपीस विकत असेल तर मात्र घेऊ नका, रिकामा आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही आणि सामानाच्या तपासणीत तर नक्की अडकाल.

घ्यावा की नाही यावर मात्र दोन मतं आहेत. चार पैसे गावाला मिळतात हे खरं, आणि त्या धातूला भाव मिळाला की पोरं तो शोधायला रानात जातात हेही खरं (६ बघा). मला पक्कं उत्तर सापडलेलं नाही. ऑफिसातल्या एकाने आणून दिलेला एक आमच्याकडे आहे, वजनाला काहीच नाही, कडा जरा वाकडी. बायकोने तो मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीत टाकलाय, आता पिवळा पडलाय.